समाजमाध्यमे आणि पाठाची रचना : बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात एक अभ्यासपाठ

शाळेचा निरोप एके काळी मुलाच्या वहीत लिहून दिला जाई, किंवा शिपायाच्या हाती घरोघर पाठविला जाई. आता तो पालकांच्या मोबाइलवरील व्हॉट्सॲप गटावर जातो. निरोपाला ही वाट सोयीची ठरल्यावर त्याच वाटेने पाठही पाठविण्यास प्रारंभ झाला. स्वाध्यायपत्रिका, चित्रफिती, कवितांच्या ध्वनिमुद्रिका, पाठ्यपुस्तकांच्या पानांची छायाचित्रे असे पुष्कळ साहित्य आज या मार्गाने मुलांपर्यंत पोहोचते. परंतु निरोप पोहोचला की त्याचे काम संपते. पाठाचे काम तो पोहोचल्यानंतर सुरू होते. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे समाजमाध्यमांविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. कोणी त्यांना शिक्षणातील क्रांती मानतो, तर कोणी मुलांच्या अधोगतीचे कारण. वर्गात प्रत्यक्ष शिकविणाऱ्याला या दोन्ही मतांचा फारसा उपयोग नाही.

पाठाची आखणी करणाऱ्यास, म्हणजे ज्यास पाठरचनाकार म्हणता येईल त्यास, साधनाची निवड करण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. विद्यार्थ्यास आधीपासून काय येते? पाठ संपल्यावर त्यास काय करता आले पाहिजे? त्यासाठी त्याने स्वतः कोणती कृती करावयाची? आणि ती करताना चूक झाली तर ती त्यास कोण, केव्हा व कशी दाखवून देणार? फळा, पुस्तक, रेडिओ, दूरदर्शन आणि मोबाइल या सर्वांना हेच प्रश्न लागू पडतात. समाजमाध्यमांचे वेगळेपण शेवटच्या दोन प्रश्नांशी निगडित आहे. पुस्तक विद्यार्थ्याला उत्तर देऊ शकत नाही आणि दूरदर्शन त्याचे म्हणणे ऐकू शकत नाही. व्हॉट्सॲपसारखे माध्यम मात्र दोन्ही बाजूंनी वाहू शकते. ते तसे वाहते की नाही, हे रचनाकाराच्या हाती आहे.

बेळगाव, खानापूर व निपाणी या भागातील मराठी शाळांच्या बाबतीत हा विषय विशेष विचार करण्याजोगा आहे. येथील मराठी माध्यमाच्या शाळांत कर्नाटक राज्याचा अभ्यासक्रम चालतो. त्याची मराठी पाठ्यपुस्तके कर्नाटक शासनातर्फे प्रसिद्ध होतात, आणि दहावीची परीक्षाही त्याच राज्याची असते. मोबाइलवर मराठीतून येणारे शैक्षणिक साहित्य मात्र बहुतांशी महाराष्ट्रात, बालभारतीची पुस्तके समोर ठेवून तयार झालेले असते. भाषा एक, अभ्यासक्रम दुसरा, अशी ही स्थिती आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती ठळकपणे समोर आली. महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही दैनिक अभ्यासमाला सुरू केली. ती व्हॉट्सॲपवरूनच मुख्यतः पसरली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पुढे २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांकडे आरटी-पीसीआर चाचणीचा दाखला मागितला जात असताना या अभ्यासमालेचे दुवे व चित्रफिती यांना कोणतीही अडवणूक नव्हती. निपाणीच्या घरात बसलेल्या मुलास कागलच्या मुलाइतक्याच सहजपणे ते साहित्य मिळू शकत होते. तथापि त्यातील कोणते प्रकरण आपल्या पुस्तकात आहे, कोणते पुढच्या वर्षी यावयाचे आहे आणि कोणते मुळीच नाही, हे त्या मुलास कोण सांगणार, हा प्रश्न उरलाच.

हा प्रश्न किती बारीक असू शकतो याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' या रूढ नावाबरोबर 'वीस एक' अशी संख्यावाचनाची सोपी रीत देण्यात आली, आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात तिच्यावरून महाराष्ट्रात बराच वाद झाला. ज्या मुलाच्या पुस्तकात ही रीत नाही त्याच्या मोबाइलवर त्या पद्धतीने शिकविणारी चित्रफीत आली तर ते गोंधळणार हे उघड आहे. सीमाभागात मात्र या गोंधळाला निराळाच रंग चढतो. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात. त्यात वीस आधी येतात, एक नंतर. म्हणजे गल्लीत कन्नड ऐकणाऱ्या मुलास 'वीस एक' ही रचना परकी नाहीच. एखाद्या जाणत्या शिक्षकाने ही चित्रफीत तशीच पुढे न ढकलता तिच्यासोबत एवढेच विचारले की, "एकवीस ते एकोणतीस या संख्या मराठीत व कन्नडमध्ये म्हणून पाहा, दशक कोणत्या भाषेत आधी येते आणि कोणती संख्या दोन्ही भाषांत वेगळी वागते?", तर दशक-एककाचा एक उत्तम पाठ तयार होतो. एकोणतीसला मराठीत पुढच्या दशकाचा आधार का घ्यावा लागतो, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.

यावरून बाहेरच्या साहित्याविषयी एक व्यवहार्य पथ्य सांगता येते. अन्य राज्याच्या अभ्यासक्रमासाठी केलेली चित्रफीत गटावर पाठविताना तिच्यासोबत शिक्षकाचे दोन-तीन ओळींचे जोडपत्र असावे. आपल्या पुस्तकातील कोणत्या पानाशी तिचा संबंध आहे, कोठून कोठपर्यंत पाहावयाची, तीत वापरलेला कोणता शब्द आपल्या पुस्तकात निराळा आहे आणि पाहून झाल्यावर काय करावयाचे, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. जोडपत्र लिहिण्यास वेळ नसेल तर चित्रफीत न पाठविणे अधिक बरे. यूट्यूबवर एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप पुढे येते, आणि ती पहिल्या पाठाशी संबंधित असेलच असे नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे.

आता माध्यमाच्या दोन्ही बाजूंनी वाहण्याचा मुद्दा. या संदर्भात सीमेलगतच्याच भागातील एका जुन्या प्रयोगाचे स्मरण उपयुक्त ठरेल. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत आकाशवाणी व युनेस्को यांच्या सहकार्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. निपाणी तेव्हा बेळगाव जिल्ह्यासह मुंबई राज्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती म्हैसूर राज्यात गेली. प्रयोग मात्र शेजारच्या कोल्हापूरपर्यंत येऊन थांबला होता. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रक्षेपित होई. गावातील सुमारे वीस जणांचे मंडळ एकत्र बसून तो ऐके, ऐकल्यावर त्यावर चर्चा करी, आणि मंडळाचा चिटणीस चर्चेचा वृत्तान्त व शंका केंद्राकडे लिहून पाठवी. त्यातील काही प्रश्नांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे दिली जात. ही कल्पना मूळची कॅनडातील. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी अशी रेडिओ मंडळे चालत असत.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी केले. त्यांनी केवळ मंडळांची गावे पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावेही तुलनेसाठी घेतली. श्रोतृमंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडल्याचे आढळून आले. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत ती भर अल्प होती. कार्यक्रम एकच, आवाज एकच, वेळही एकच. फरक पडला तो ऐकल्यानंतर माणसांनी एकत्र बसून काय केले यामुळे. आज साडेसहा दशकांहून अधिक काळानंतर मोबाइलच्या शैक्षणिक उपयोगाचा विचार करताना हा निष्कर्ष दृष्टीआड करता येत नाही.

शाळांच्या व्हॉट्सॲप गटांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांतील पुष्कळ गट 'रेडिओ आहे, पण मंडळ नाही' या वर्गात मोडतात. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने केवळ गटप्रमुखच संदेश पाठवू शकेल अशी सोय उपलब्ध करून दिली. शाळांना ती आवडली, आणि त्यात नवल नाही. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे, वाढदिवस, अफवा आणि क्वचित भांडणे यांनी शिक्षक त्रस्त झालेले असतात. पण ही कळ दाबताच दोन्ही बाजूंनी वाहणारे माध्यम गावच्या ध्वनिवर्धकासारखे होऊन बसते. निरोपांच्या गटासाठी ती कळ योग्यच आहे. अभ्यासाचा गट मात्र त्यापासून निराळा असावा, लहान असावा, आणि तेथे मुलांना बोलण्याची मुभा असावी. व्हॉट्सॲप गटात आज हजाराहून अधिक सदस्य सामावू शकतात. अभ्यासासाठी या क्षमतेचा काहीही उपयोग नाही. श्रोतृमंडळात वीस माणसे होती. मुलांच्या बाबतीत चार ते सहा ही संख्या अधिक सोयीची.

गट बोलता ठेवला की एक निराळी अडचण उभी राहते, आणि तिचा अनुभव बहुतेक शिक्षकांना असतो. शिक्षकाने प्रश्न पाठविला, पहिल्या मुलाने उत्तर लिहिले, की पाठोपाठ तेच उत्तर, त्यातील शुद्धलेखनाच्या चुकांसह, एकामागून एक येऊ लागते. यात मुलांचा दोष थोडा आणि प्रश्नाचा अधिक. ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एकच आहे तो उघड्या गटावर विचारला की नक्कल होणारच. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या घरातून, गल्लीतून किंवा शेतातून यावे असा प्रश्न शोधणे, ही या माध्यमासाठी पाठ रचणाऱ्याची खरी कसोटी आहे. वेदगंगा आणि दूधगंगा या नद्यांविषयी "दूधगंगा कोणत्या नदीस मिळते?" असे विचारले तर 'कृष्णा' हे एकच उत्तर चाळीस वेळा येईल. "तुमच्या घरी येणारे पिण्याचे पाणी कोठून येते? घरातील मोठ्यांना विचारून त्याची वाट रेखाटा", असे विचारले तर नदीकाठच्या गावाचे चित्र निराळे, विहिरीवर अवलंबून असलेल्या वस्तीचे निराळे, नळाच्या गावाचे निराळे. मुलांना एकमेकांची चित्रे पाहण्याचे कारणही त्यामुळे मिळते.

कन्नड भाषेच्या अध्यापनातील एक नमुना येथे जरा विस्ताराने देणे इष्ट होईल. सीमाभागातील मराठी मुलास मातृभाषेबरोबर कन्नड उत्तम आली पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कर्नाटकातील शाळांत ती आवश्यकही केली आहे. मराठी मुलास या भाषेतील बरेच शब्द ओळखीचे वाटतात. तूप हे 'तुप्प', अक्का ही 'अक्क', अण्णा हा 'अण्ण'. अडचण येते ती उच्चारात. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' या स्वरांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत, आणि त्यांसाठी लिपीत स्वतंत्र चिन्हे आहेत. मराठी लेखनात हा भेद दाखविण्याची रूढ सोय नाही. त्यामुळे 'दे' या अर्थाचा ऱ्हस्व ओकाराचा शब्द आणि 'शिंग' या अर्थाचा दीर्घ ओकाराचा शब्द, हे दोन्ही मराठी मूल आपल्या वहीत 'कोडु' असेच लिहून घेते. वही पाहून हा भेद कधीही कळणार नाही. तो कानानेच कळावयास हवा. ध्वनिसंदेशाचा येथे खरा उपयोग आहे.

सोमवारी शिक्षकाने अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिसंदेशात हे दोन्ही शब्द तीन-तीन वेळा म्हणावेत. अर्थ सांगू नये. मुलांनी तो ऐकून आपल्या गल्लीतील कन्नड जाणणाऱ्या कोणास तरी, मग ते शेजारचे काका असोत, भाजीवाल्या मावशी असोत किंवा वर्गमित्राची आजी, दोन्ही शब्दांचे अर्थ विचारावेत. मंगळवारी प्रत्येकाने त्यांपैकी कोणताही एक शब्द घेऊन लहानसे वाक्य तयार करावे आणि आपल्या चौघांच्या गटावर म्हणून पाठवावे. कोणता शब्द घेतला ते मात्र सांगू नये. बुधवारी गटातील दुसऱ्याने केवळ ऐकून तो शब्द 'दे' चा की शिंगाचा हे ओळखावे. ओळखता आले नाही तर एक तर बोलणाऱ्याची जीभ चुकली किंवा ऐकणाऱ्याचा कान. कोणाचे चुकले याचा निवाडा मुले आपसात करू लागतात, आणि न जुळल्यास शिक्षकाकडे येतात. चूक दाखविण्याची व्यवस्था येथे पाठातच विणलेली आहे. शिक्षकाला प्रत्येक संदेशावर शेरा मारत बसावे लागत नाही. पुढच्या सोमवारी जुना ध्वनिसंदेश पुन्हा न ऐकविता तेच शब्द मुलांकडून म्हणवून घ्यावेत. शिकलेली गोष्ट पुन्हा वाचण्यापेक्षा ती आठवून सांगण्याचा प्रयत्न केल्याने ती अधिक काळ टिकते, असे २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात दिसून आले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून सांगणारे पुढे गेले. आपल्याकडील पाढे म्हणवून घेण्याच्या परिपाठास यात अनपेक्षितपणे दुजोरा मिळतो.

या पाठाचा आणखी एक फायदा निपाणीसारख्या गावात सहज लक्षात येईल. विड्या वळणाऱ्या घरांत दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, आणि लिहिलेला संदेश वाचण्यास सवड नसते. ध्वनिसंदेश काम चालू असतानाही ऐकता येतो. ज्या आईला वाचता येत नाही परंतु बाजारात कन्नड बोलावे लागते, ती मुलाचा उच्चार पुस्तकापेक्षा चांगला तपासू शकते. लेखी स्वाध्यायाने अशी आई अभ्यासाच्या बाहेर राहते; या पाठात ती परीक्षक होते.

ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही, अथवा असला तरी तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो, अशा मुलांचा विचार मागाहून करून चालत नाही. कर्नाटक शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये सुरू केलेल्या 'विद्यागम' योजनेत याची जाण होती. शिक्षकांनी मुलांच्या वस्तीत जाऊन त्यांस लहान गटांत शिकवावे अशी ती योजना. मोबाइल नसलेली मुले, साधा मोबाइल असलेली मुले आणि इंटरनेटसह स्मार्टफोन असलेली मुले अशी विभागणी त्यात आधीच गृहीत धरलेली होती. देवळाच्या ओवरीत, झाडाखाली, अंगणात वर्ग भरले. साथीच्या संसर्गाच्या भीतीमुळे ऑक्टोबर २०२० मध्ये योजना थांबवावी लागली, आणि जानेवारी २०२१ मध्ये ती शाळेच्या आवारात नव्या स्वरूपात सुरू झाली. तिच्या यशापयशाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. उपलब्ध साधनावरून मुलांचे गट पाडण्याची तिची पद्धत मात्र आजही उपयोगी आहे, फक्त थोडा बदल करून. तिन्ही प्रकारची मुले वेगवेगळी न ठेवता एकत्र करावीत. चौघांत एक फोन असला तरी वरील कन्नडचा पाठ पार पडतो. त्यातील मुख्य कृती म्हणजे विचारणे, वाक्य रचणे व ऐकून ओळखणे. फोन लागतो तो दिवसातून पाच मिनिटे.

शिक्षकाच्या वेळेचा हिशेबही प्रामाणिकपणे करावयास हवा. चाळीस मुलांनी प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचा संदेश पाठविला तर केवळ ऐकण्यास वीस मिनिटे लागतात, उत्तरे देण्यास त्याहून अधिक. असे दररोज होणे शक्य नाही, आणि अपेक्षिताही कामा नये. चौघांच्या गटाने आपसात तपासून एकच संदेश पुढे पाठवावा, म्हणजे दहा संदेश येतील. रात्री अमुक वेळेनंतर शिक्षक उत्तर देणार नाहीत, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

मुलाची चूक सर्वांदेखत दाखवावी की खाजगीत, याचाही विचार हवा. वर्गातील चूक तासाबरोबर पुसली जाते. गटावरील चूक लिहिलेली राहते आणि ती मुलाचे शेजारीपाजारीही वाचतात. सर्वांची होणारी चूक नाव न घेता गटावर मांडावी, एकट्याची चूक त्याच्याच घरी कळवावी. तसेच, गटात सामील होताच प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतरांना दिसतो, ही गोष्ट मुलींच्या पालकांना विशेष खटकते, आणि ते रास्तच आहे. व्हॉट्सॲपच्या अटींनुसार ते वापरणाऱ्याचे वय किमान १३ वर्षे असावे लागते. त्यामुळे प्राथमिक शाळेचा गट हा वस्तुतः पालकांचाच गट असतो. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. मुलांचे आवाज, छायाचित्रे व गुणपत्रके गटाबाहेर जाणार नाहीत, हे शाळेने पालकांच्या सभेत स्पष्ट करावे.

अभ्यासगटात चर्चेसाठी शिक्षकांनी पुढील काम घेऊन यावे. आपल्या शाळेच्या गटावर मागील आठवड्यात गेलेले सर्व संदेश वाचून त्यांतील निरोप किती आणि पाठ किती, हे मोजावे. ज्यांस पाठ म्हणून मोजले त्यांपैकी कितींमध्ये मुलाने काही करून परत पाठविणे अपेक्षित होते, आणि परत आलेल्या उत्तरांपैकी कितींना शिक्षकाने किंवा सोबत्याने काही उत्तर दिले, हेही पाहावे. महाराष्ट्रात तयार झालेली एक चित्रफीत निवडून आपल्या इयत्तेसाठी तिचे तीन ओळींचे जोडपत्र लिहावे. कन्नड शिकविणाऱ्या शिक्षकांनी 'कोडु' सारखी, केवळ स्वराच्या लांबीने अर्थ बदलणारी आणखी पाच शब्दयुग्मे शोधून आणावीत. ती स्वतःच्या आवाजात मुद्रित करताना शेजारच्या कन्नड शाळेतील सहकाऱ्याकडून एकदा तपासून घ्यावीत.